सवतीचा वास

२ मे
सासर छान आहे. अंगणात तेंदूचं झाड, चुलीशेजारी व्हिनेगरचे रांजण, आणि नवरा, ज्यानपिंग, अगदी शांत. सासूबाईंनी लग्नाआधी आमच्या घराण्याचं ‘दार’, म्हणजे काखेला पिढीजात वास आहे का ते, तपासलं होतं. कापसाचं जाड जाकीट घालून मला चुलीपुढे शेवयांचं पीठ मळायला बसवलं आणि घामाघूम झाल्यावर काखेशी नाक आणून हुंगलं. ‘दार स्वच्छ आहे,’ म्हणाल्या. असणारच. आईनं गेल्याच वर्षी शहरात नेऊन माझ्या दोन्ही काखांमधल्या घामाच्या ग्रंथी खरवडून काढल्या होत्या. व्रण गळवांचे आहेत म्हणून सांगितलं.

पहिल्या सुनेचं, चुनमेईचं, दार वाईट होतं म्हणे. लग्नानंतर कळलं. सासूबाईंनी तिचीही काख डॉक्टरकडून कापून घेतली, ती जखम चिघळली आणि ती गेली. सासूबाई हे पीठ मळता मळता सांगतात.

९ मे
ज्यानपिंग रात्री पाठ करून झोपतो. आज तो पेटीतल्या चुनमेईच्या न धुतलेल्या जाकिटात तोंड खुपसून बसलेला दिसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या वासापायी मी कातडी सोलून घेतली, तोच याला हवा! जिवंत सवतीच्या झिंज्या तरी धरता येतात.

१० मे
तो शेतावर गेल्यावर जाकीट सोडा घालून उकळलं. पाणी काळं झालं. त्याला कळलं. जेवला नाही. मला बरं वाटलं.

१४ मे
घरात वास येतोय. जिरं आणि ओली लोकर. माझा जुना वास कांद्यासारखा होता, हा माझा नव्हे. पण येतोय माझ्याच काखेतून.

१७ मे
आज तो आपण होऊन जवळ आला. माझ्या काखेत तोंड लपवून रडला. मी सुखानं डोळे मिटले. मग तो म्हणाला, “चुनमेई, किती उशीर केलास गं.”
मी त्याचे हात सोडवले नाहीत. लाज वाटते.

१९ मे
सासूबाईंनी हुंगलं. म्हणाल्या, “उद्या चल माझ्याबरोबर. पहिलीला नेलं होतं त्याच डॉक्टरकडे.”
मी हो म्हटलं. काढू देत तिला. तो पुन्हा पाठ करेल, करू दे — निदान माझ्याकडे तरी —

२० मे, सकाळ
व्रण उसवलेत. रक्त नाही. आत केस — लांब, माझे नव्हेत —
खोलीला आतून कडी घातलीय. सासूबाई बाहेर गाडी आणून उभ्या. ज्यानपिंग दारावर डोकं आपटतोय, चुनमेई, जाऊ नकोस, पुन्हा कापू देऊ नकोस. माझं नाव एकदाही नाही. एकदा तरी —

मी ओरडले, मी आहे, मी. आवाज तिचा निघाला.
लिहिणारा हात अजून माझा आहे. डावा मात्र — मी नको म्हणतेय — डावा कडीकडे —