तारखा भरल्यात

रविवार, १४ ऑक्टोबर
स्वयंपाकघरातल्या टेबलावरून

प्रिय खारुताई,

अनेक आशीर्वाद. हाताशी फोन असताना बाबाने पत्र का लिहिलं म्हणून घाबरू नकोस, सगळे जागच्या जागी आहेत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमी. हे वाक्य तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, लिहा खुशाल, मुलीला माहीत आहे कोण कुरकुरतं ते.

समोरच्या शिंपिणीने मांजर पाळलंय आणि ते दिवसभर आपल्या खिडकीत असतं. तुझ्या खोलीचं दार रंगवून घेतलं. रंग डब्यावर होता त्याहून बराच भडक निघाला. तुला आवडणार नाही, पण एकदा डबा उघडला की दुकानदार परत घेत नाही.

गुरुवारी भोंगाकाका येऊन गेला. आमच्या वाद्यवृंदात माझ्या क्लॅरिनेटशेजारी तो इतकी वर्षं ट्रंपेट वाजवत बसला, की आम्ही एकमेकांचं बोलणं ऐकण्याआधी श्वास ओळखतो. त्याचे वरचे पुढचे दोन दात गेले. तू आली होतीस तेव्हा ते हलत होते, आता नाहीतच. दात नाहीत तर ओठाला आधार नाही, आणि ओठ टिकला नाही तर ट्रंपेट म्हणजे नुसतं पितळ. सध्या तो बाजारामागच्या वाहनतळावर पावत्या फाडतो. जाडजूड माणूस, त्या एवढ्याशा टपरीत मावत नाही, एक खांदा कायम बाहेर असतो.

त्याच्याबद्दल लिहायला बसलो नव्हतो. किंवा बसलो होतो, कोण जाणे. सरळ लिहायची मला सवय नाही.

तू तुझ्या कार्यालयाच्या पाहणीसाठी आलीस तो दिवस आठवतोय ना? तालमीच्या खोलीत आम्ही सगळे गोल करून बसलो होतो आणि तू मध्ये, मांडीवर ती चकचकीत पाटी, तुमचा तो टॅब, घेऊन. आधी सगळ्यांना समजावलंस, की या भागात वाजवून पोट भरणारे किती, त्यांना काम किती मिळतं, कुणाचं काय दुखतं हे कळलं, तर दात, कान, पाठ बघणारे डॉक्टर इथे येतील आणि बिनकामाच्या महिन्यांत हातभार लागेल. छान बोललीस. मग पहिला प्रश्न मला. घरी मला अरे-तुरे करणारी तू, एकदम म्हणालीस, "गेल्या वर्षभरात आपण किती कार्यक्रम केले?"

सगळे हसले. मीही. आणि म्हणालो, "मोजायला वेळ कुणाला आहे? तारखा भरल्यात."

आमच्या धंद्यात हे उत्तर विचार करून देत नाहीत, ते आपोआप बाहेर पडतं. कामं नाहीत असं एकदा तोंडातून गेलं, की ते गावभर होतं, आणि ज्याला कुणी बोलवत नाही त्याला मग कुणीच बोलवत नाही. म्हणून घरी माशा मारत बसलो तरी कुणी विचारलं की तारखा भरल्यात. एकमेकांनाही हेच सांगतो. समोरच्याला खरं माहीत असतं आणि तो मान डोलावतो. तू याच घरात वाढलीस, तरी हे तुला ठाऊक नव्हतं, कारण तुलाही आम्ही हेच सांगत आलो.

माझ्यानंतर भोंगाकाका. तो म्हणाला, "पुढच्या वर्षापर्यंत भरल्यात." मग ड्रमवाला, मग व्हायोलिनवाली. तालीम सुरू होण्याआधी क्लॅरिनेटने सूर द्यायचा आणि बाकीच्यांनी आपापलं वाद्य त्याला मिळवून घ्यायचं, ही आमची पद्धत. त्या दिवशीही तेच झालं. सूर मी दिला. शेवटी तू विचारलंस, "आपल्याला कशाची गरज आहे?" मी म्हणालो, चहाची. केवढे हसलो आम्ही. तूही हसलीस, पण पाटीवर बोट ठेवून जरा वेळ माझ्याकडे बघत होतीस. ते बघणं मला आता रोज आठवतं.

घरी आल्यावर तुझी आई म्हणाली, "तारखा भरल्यात म्हणे. कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशिवाय काही दाखवा." मी तिच्यावर डाफरलो.

गुरुवारी भोंगाकाकाने सांगितलं, की तो दातांचं विचारायला तुमच्या कार्यालयात गेला होता. तिथल्या बाईंनी त्याला बसवून नीट समजावलं, की इथल्या कलावंतांना भरपूर काम आहे असं पाहणीत दिसलं, त्यामुळे हा भाग वगळला. ते सांगताना दात झाकायला त्याचा हात सारखा तोंडावर जात होता, मी तो दोनदा खाली घेतला. चिडला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, "मीच सांगितलं होतं ना, पुढच्या वर्षापर्यंत." मग म्हणाला, "त्या बाई सांगत होत्या, तुझी पोरगी आपल्या भागासाठी किती भांडली होती. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर ऐकवलं, की माहेरच्या लाडापायी पाहणीचे दिवस वाया घालवलेस. तिने तुला फोन केला होता ना?"

मी नुसतं हो म्हणालो.

तो फोन मी घेतला होता. आई दुकानात गेली होती. तू बराच वेळ बोलत होतीस. मी मध्ये मध्ये म्हणत होतो, हो हो, वा, छान झालं. मग तू फोन ठेवलास. मला वाटलं, लाइन गेली. त्यानंतर तुझा फोन आला की आईकडेच येतो.

खारुताई, तुझा एकही शब्द मला कळला नव्हता. मला ऐकू येत नाही.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात दोन्ही कानांत शिट्टी सुरू झाली. ती थांबली नाही आणि तिच्यामागे बाकीचं सगळं हळूहळू पुसट होत गेलं. माणसं शेजारच्या खोलीत बोलल्यासारखी वाटतात. त्या दिवशी तालमीच्या खोलीत तुझे प्रश्न मी अर्धे ओठांवरून ओळखले. एका कार्यक्रमात व्हायोलिनवालीने माझ्याकडे वाकून सांगितलं, "दादा, सूर चढा लागतोय." तीनदा सांगितलं म्हणे. मला तिसऱ्यांदा समजलं. आयुष्यभर ज्याने इतरांना सूर दिला, त्याला स्वतःचा सूर कळेना. त्या दिवसापासून क्लॅरिनेट पेटीत आहे, आणि तारखा भरल्यात.

आता जे लिहायचं ते लिहितो. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी, कार्यक्रम आहे म्हणून आलो नाही तेव्हा, माझा कुठेही कार्यक्रम नव्हता. मी घरी होतो. या टेबलाशी बसून होतो. तिथे आलो, की डॉक्टर काहीतरी विचारणार, जावई बोलणार, मी भलतंच उत्तर देणार आणि तुला सगळं कळणार, याची भीती वाटली. म्हणून आईला एकटीला पाठवलं. तिने माझं खोटं सांभाळलं आणि त्याचा त्रास तिने माझ्याहून जास्त काढला. तू शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा "बाबा?" म्हणालीस, हे तिने मला सांगितलंय. कार्यक्रम मुलीपेक्षा मोठा, असं तू समजलीस. समजणारच. त्याहून वाईट काय असायचं, तर तो कार्यक्रमही नव्हता.

काल सगळ्यांना तालमीच्या खोलीत बोलावलं आणि आधी माझं सांगितलं. कुणी हसलं नाही. ड्रमवाल्याने सांगितलं, की त्याने ड्रम कधीच विकले, उसने आणून तालमीला येतो. व्हायोलिनवालीची मान वळत नाही. एकेकाने सांगितलं. खोली तीच, माणसं तीच. तुझ्यासमोर हे झालं असतं तर. तिथूनच तुमच्या साहेबांना फोन लावून व्हायोलिनवाली बोलली. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, यंदाचं सगळं ठरून गेलं, पुढच्या वेळी बघू. त्यांचीही चूक नाही. भोंगाकाका म्हणतो, तोवर ओठ राहणार नाही, नंतर दात बसवले तरी ते जेवायला. हे सांगून तो टपरीवर गेला.

त्याला मी काय परत देणार? तुझी कार्यालयातली पतही मला परत आणता येणार नाही. माफ कर म्हणायलाही संकोच वाटतो, पण म्हणतो. माफ कर.

आईने भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर ठेवलंय. दुधाच्या खुणा सोडल्या तर ते कोरं आहे, पुढचं पानही कोरं. तू ये, नाहीतर मला बोलाव, मी निघतो. बोलताना फक्त माझ्याकडे तोंड करून सावकाश बोल, आणि मी उगाच हो हो म्हणालो तर पुन्हा सांग.

कुठलीही तारीख चालेल.

तुझा,
बाबा