सरांचं ‘पुरे’

११ जानेवारी, शनिवार

सर बोलले!

दिवाळीनंतर झटका आला, तेव्हापासून वाचा बंद. उजवं अंग लुळं, नाकात नळी. डॉक्टर म्हणतात, त्यांना कितपत समजतं ते सांगता येणार नाही. न समजायला काय झालं? मोघे सर आहेत ते!

खानावळीतली दुपारची पंगत उठल्यावर रोजच्यासारखी हॉस्पिटलात गेले. शाळेतल्यासारखं उभं राहून सांगितलं — “सर, वाटेत पाहिलं. एक आजोबा दुसऱ्या आजोबांना पेपर वाचून दाखवत होते. फक्त निधनवार्ता.” सरांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले.

“पुरे.”

अगदी स्पष्ट! मी इतकी रडले की नर्स धावत आली. बिचारीला वाटलं, सर गेले.

तिला काय सांगणार, कप्पाळ! आठवी ब, मराठीचा तास. सर हजेरी घ्यायचे तेव्हा ‘हजर’ म्हणायचं नाही, येताना वाटेत पाहिलेलं काहीतरी सांगायचं. पाल्हाळ लावलं की सर खिडकीबाहेर बघत बसायचे. अर्धवट सांगितलं की “मग?” आणि नेमकं जमलं, एक शब्द जास्त नाही की कमी नाही, तर “पुरे!” शाबासकी म्हणून एवढंच. वर्षातून एकदा मिळालं तरी पोर घरी उड्या मारत जायचं. आम्ही सगळे त्या एका शब्दावर मोठे झालो. माझ्या खानावळीच्या पाटीवर ‘गरम आहे. या.’ एवढंच लिहिलंय, ते कोणामुळे?

१२ जानेवारी, रविवार

शाळेच्या ग्रुपवर टाकलं आणि जत्राच लोटली. माधव खडकीहून हेल्मेटसकट थेट वॉर्डात शिरला. जन्माचा पाल्हाळिक. त्याच्या क्वार्टर्सच्या मागच्या चिंचेवरून जो सुरू झाला तो थांबेना. निम्मंही सांगून झालं नव्हतं, तर सर म्हणाले — “पुरे.”

“वल्लरी, दहावीपर्यंत एकदाही नाही गं! आज मिळालं!” पन्नाशीला टेकलेला माणूस, बाहेर जाऊन रुमालात तोंड खुपसून रडला.

तनुजाने परदेशातून व्हिडिओ कॉल केला. तिलाही मिळालं. सगळ्यांनाच मिळालं. प्रत्येक वेळी सर डावा हात जरासा उचलायचे. पंजा पालथा, आडवा. तनुजा म्हणाली, “आशीर्वाद देताहेत बघ!” पटलं मला.

निघताना माधव हसत म्हणाला, “शाळेत एवढे उदार नव्हते हं सर.” मीही हसले.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगूळ नेला होता. तसाच परत आणला. गोड बोलायचा दिवस, आणि मी काय बोलले!

डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं. नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. आता पोटाला भोक पाडून नळी थेट आत घालायची. मग घरी नेऊन त्यातूनच खायला घालता येईल. किती दिवस? “महिने. कदाचित वर्षंही.” सुधारणा? डॉक्टरांनी फाइल मिटली.

सलिल म्हणाला, “नको. मी बाबांना घरी नेतो. चमच्याने जाईल तेवढं जाईल.” तसं केलं तर फार दिवस काढणार नाहीत, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. सलिलने मान हलवली. त्याला ठाऊक होतं.

मंदाकिनीकाकू भिंतीला टेकून उभ्या. म्हणाल्या, “ह्यांचा सगळा जीव तुम्हा मुलांत. तुम्ही म्हणाल तसं. वल्लरी, तू रोज येतेस, तूच सांग.”

मी म्हटलं, नळी घालायची. बोलणारा माणूस आहे, उपाशी मारणार का?

सलिल म्हणाला, “वल्लरी, ते जे ‘पुरे’ म्हणतात ना, घरी तो शब्द —”

“तुला काय कळणार? तू त्यांच्या वर्गात नव्हतास!”

खरंच नव्हता. आपल्या वर्गात आपला मुलगा नको म्हणून सरांनीच त्याला दुसऱ्या शाळेत घातलं होतं. त्याचा चेहरा पडला. वर मी म्हटलं, “कंटाळा आला असेल तर तसं सांग.” तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही सगळे तासभर येता. रात्री त्यांचा डावा हात पलंगाला बांधतात. नाहीतर बाबा नळी उपटून काढतात.”

लहान मूलही काढतंच की. म्हणून औषध द्यायचं थांबतं का?

१५ जानेवारी, बुधवार

माधवचा फोन — “सर लढताहेत.” सगळे हेच म्हणतात.

१७ जानेवारी, शुक्रवार

नळी घातली. काकूंनी सही केली, मी शेजारी होते. सलिल खाली चहाच्या टपरीवर बसून राहिला, वर आलाच नाही.

सर आज बोलले नाहीत. भूल असेल अजून.

२० जानेवारी, सोमवार

सर घरी आले. काकूंचा हात थरथरतो, म्हणून दुपारचं भरवणं मी घेतलं. नाचणीचं सत्त्व पातळ करून, गाळून, सिरिंजने नळीतून हळूहळू. पुण्यात आग्रह नसतो म्हणतात. माझ्या खानावळीत या म्हणावं! ‘नको’ म्हणणाऱ्याच्या पानात मी एक पोळी जास्त टाकते. पहिलं नको हे नको नसतंच. आईची शिकवण.

आज सिरिंज हातात घेतली तोच सर म्हणाले — “पुरे.” काकूंना म्हटलं, “बघा, ओळखलं मला!”

काकूंनी सरांची चादर सारखी केली. हाडं राहिलीत सरांची. पूर्वी त्यांची सावली दिसली तरी वर्ग चिडीचूप व्हायचा.

२२ जानेवारी, बुधवार

पाठीला जखम झालीय. कुशीवर वळवून सलिलने साफ केली, मी दिवा धरला. वास येतो. सर ओरडले नाहीत. भिंतीकडे बघत — “पुरे. पुरे. पुरे.”

आज तर मी काहीच सांगितलं नव्हतं. मग कशाला म्हणाले? घरी येईपर्यंत तेच डोक्यात. नको तो विचार.

२४ जानेवारी, शुक्रवार

दुपारची पंगत. खोली घेऊन राहणाऱ्या, परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलीच जास्त. शेफाली दोन दिवस तापाने पडून आज आली होती. तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं, खा पोटभर. तिसरी पोळी वाढली. चौथी घेऊन गेले.

“काकू, पुरे.”

“अगं, एक घे. ताकद कशी येणार?”

“काकू! हात आडवा धरलाय, दिसत नाही का तुम्हाला? मळमळतंय मला!”

बघितलं. ताटावर हात. पंजा पालथा, आडवा.

आई गं!

तोच हात. इतकी वर्षं मी हेच करते. ताटं वाढते, आडवे हात बघते. आणि सरांचा हात आशीर्वादाचा वाटला मला! सलिल तेच सांगत होता. घरचा शब्द. जेवतानाचा शब्द. मीच त्याला बोलू दिलं नाही. सही करताना काकूंच्या शेजारी मीच होते.

पोळी हातात घेऊन तिथेच उभी राहिले. बाकीचं मदतीच्या कांताबाईंनी वाढलं. सरांकडे गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार? डोकं दुखतंय म्हणून काकूंना कळवलं आणि दार लावून रडले.

२५ जानेवारी, शनिवार

आज गेले सरांकडे. सिरिंज भरली, पण नळीला लावली नाही. खाली वाकून विचारलं, “सर, हे शाळेतलं ‘पुरे’ की पानावरचं?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलला आणि सिरिंजवर आडवा ठेवला. काढला नाही.

सलिल दारात उभा होता. त्याला म्हटलं, “त्या दिवशी सांगत होतास ते आता सांग. मी मधे बोलणार नाही.”