सुधाकर गुरुजींच्या नावाची पाटी

१५ नोव्हेंबर १९९४, मंगळवार

उत्तमराव दुकानात आले. टायर घ्यायला नाही! बुद्धविहार समितीचे अध्यक्ष ते, दर रविवारी वंदना सांगतात तेही तेच. नव्या वाचनालयाला सुधाकर गुरुजींचं नाव लागेल म्हणे, पण एक अट – रविवारी गुरुजींच्या शोकसभेत मी त्यांच्या मासेमारीचा विषय काढायचा नाही.

"देवाजीभाऊ, पंचशीलातलं पहिलं शीलच जीवहत्या न करन्याचं. गळ टाकनाऱ्याचं नाव विहाराजोळ लावलं तं लोक हासतीन."

"पोरीच्या लग्नात बोकड तं तुमीच कापले."

"कापले खाटकानं. मी खाल्ले."

हसलो. पण हा माणूस बोलतो ते करतो.

१६ नोव्हेंबर

दिवसभर कापसाचे ट्रक. हात जॅकवर, डोक्यात गुरुजी.

गुडीहत्नूरच्या हायवेवर हवा भरत होतो तेव्हा टपरीवर बसून त्यांनीच मला लिहायला शिकवलं. ही वही त्यांचीच करणी. निवृत्त झाले आणि तलावाचे झाले. गांडुळांचा डबा, फाटकी छत्री, गळ. विचारलं तर म्हणायचे, "पोरायले गप बसवता बसवता जलम गेला. आता मले कोनीतरी गप बसवून राह्यलं!" मरळ मासा गळाला लागला की ओल्या धोतरानं रस्ता ओलांडून दाखवायला यायचे. ट्रकवाले हॉर्न मारत राहायचे.

हे सगळं वगळून काय सांगू? शाळेतल्या बदल्या?

१८ नोव्हेंबर

जयवंताकाकूंकडे गेलो. गुरुजींच्या मागे घरात एकट्याच. उत्तमरावांची अट सांगितली. डोळे पुसले नाहीत, तेही बरंच.

"नाव लागो का न लागो, देवाजी. पन जे नव्हते थे त्याहीले बनवू नका. बनवसान तं मी सभेतून उठून जाईन."

म्हणजे बोललो तर पाटी गेली. न बोललो तर काकू गेल्या! धंद्यात असा सौदा कधी केला नाही.

२० नोव्हेंबर, रविवार

विहार खच्चून भरलेला. उत्तमराव पुढच्या रांगेत, नजर माझ्या तोंडावर. काकू बायांत, पदर आवळून.

मी म्हणालो, "गुरुजी मासे धरायचे. आवडीनं. खायचेही."

उत्तमराव उठलेच – "झालं! बसा."

बसलो नाही. म्हणालो, माझे कान सर्वांना माहीत आहेत. ट्यूबमधून हवा कुठून जाते ते ऐकून सांगतो. वंदनेत मी गुरुजींच्या शेजारी उभा राहायचो. पहिल्या शीलाला त्यांचा आवाज नसायचा. हात जोडलेले, ओठ मिटलेले. दुसऱ्यापासून खणखणीत! एकदा विचारलं, तर म्हणाले, "जमत नाही थे कबूल कसं करू?"

"म्हंजे शीलच घेत नव्हते!" उत्तमराव म्हणाले. "मंग तं नाव नाहीच."

डोमाजीबुवा, समितीतले सर्वांत जुने, म्हणाले की घाई नको. निकाल पुढच्या रविवारी, वंदनेनंतर.

काकू उठल्या नाहीत. एवढंच.

२३ नोव्हेंबर

समितीतले दोघे उत्तमरावांच्या ओसरीवर दिसले. पाटी गेली बहुतेक. आज एका ट्यूबची गळती मला सापडेना. पाण्यात बुडवावी लागली! तेलुगू ड्रायव्हर बघतच राहिला – "एमैंदि, सेठ?" काय झालं ते त्याला काय सांगू?

२७ नोव्हेंबर, रविवार

वंदना. उत्तमराव सांगणारे, आम्ही मागून म्हणणारे. पाचव्या शीलाला, दारू न पिण्याच्या, पुरुषांच्या बाजूनं माझ्यासह दोन-चारच आवाज. बाकी सगळ्या बाया! उत्तमराव वळले. "हे काय लावलं?" डोमाजीबुवा हात जोडूनच म्हणाले, "जमत नाही, बाबू. काऊन म्हनू?" त्यांची म्हातारी त्यांच्याकडे बघतच राहिली.

निकाल कोणी विचारला नाही. बाहेर पडताना उत्तमराव काकूंजवळ थांबले. खाली बघत म्हणाले, "पाटीवर काय लिव्हाचं, सांगा."

काकू चपला शोधत होत्या. म्हणाल्या, "पाटीचं राहू द्या आता."