आग्नेय कोपरा

अण्णा, आज मी एक जुनी कॅरव्हॅन विकत घेतली. अंगणात उभी आहे. तिच्यातच बसून लिहिते आहे, पण एका जागी बसवत नाही. दर दोन ओळींनी उठून एखादा कप्पा उघडून पाहते.

तुमची आली तेव्हा मी कॉलेजात होते. ऐंशी सालानंतरचे ते दिवस. बोटीवरची नोकरी संपवून तुम्ही कायमचे घरी आला होता. कोणी परदेशी जोडपं चाकांचा आस मोडल्यावर ती गाडी संगमेश्वरजवळच्या एका गॅरेजमागे टाकून गेलं होतं. अंड्यासारखी गोल, पांढरी. तुम्ही ती दुरुस्त केलीत आणि जीपमागे जोडून रत्नागिरीत आणलीत. शेजारचे काका कुंपणावरून ओरडले, "काय हो, आइस्क्रीमचा धंदा काढताय की काय?" तुम्ही दार उघडून दाखवत होता. टेबल खाली केलं की पलंग. कोपऱ्यात दोन बर्नरची शेगडी. बशीएवढं बेसिन. सगळी बंदरं एकट्याने पाहिली, आता आईला घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं, एवढंच तुमच्या मनात होतं.

आई पायरीवर पाय ठेवीना. "वास्तुशांत झाल्याशिवाय मी कुठल्या घरात चूल पेटवलेली नाही."

"अगं, ही गाडी आहे."

"मग गाडीत निजायचं कशाला?"

भटजींना बोलावलं. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. "दार कुठल्या दिशेला?"

"थांबू तसं."

"आणि वास्तुपुरुष पुरायचा कुठे? आग्नेय कोपऱ्यात जमीन लागते. इथे खाली चाक आहे, अण्णा!" ते हसत होते, तुम्हीही हसलात. आई हसली नाही, आत निघून गेली. मग तुम्ही तेलाचा रिकामा डबा कापलात, अंगणातली तांबडी माती त्यात भरलीत आणि शेगडीच्या खाली स्क्रूने पक्का बसवलात. "ही जमीन." भटजींनी विधी केला, पूर्ण केला. जाताना मात्र बजावलं, "हा कोपरा आग्नेयेलाच राहिला पाहिजे हो."

म्हणून गणपतीपुळ्याला तो तमाशा. तुम्ही बोटीवरचं होकायंत्र बॉनेटवर ठेवून जीप पुढे घेता, मागे घेता. जीप पुढे घेतली की ती जाईल तिकडे कॅरव्हॅन येते, मागे घेताना मात्र उलट वळते. दर्शनाला आलेली माणसं देवळाकडे पाठ करून सल्ले देतात. "डावीकडे, डावीकडे!" "अहो, माझी डावी की तुमची?" आई पिशवी छातीशी धरून वाळूत उभी. शेवटी काटा जुळला. आई चढली, शेगडी पेटवली, पहिला चहा तुम्हाला दिला. तुम्ही कप घेऊन नुसतेच उभे राहिलात.

पण दार आलं डोंगराकडे. सकाळी आई पायरीवर बसून डोंगराकडे पाहत होती. तुम्ही पाणी आणायला निघालात तेव्हा ती म्हणाली, "अहो, दार समुद्राकडे नाही का करता येणार?"

"आणि आग्नेय?"

"माती आपलीच आहे ना डब्यात? मग फिरू दे कोपरा."

तुम्ही बादली तिथेच टाकलीत. मी तुम्हाला तसं धावताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा जीप, पुन्हा वाळू, पुन्हा तेच सल्लागार, आणि दारातून एकदम सगळा समुद्र.

त्यानंतर तुम्ही दोघं हेदवीला गेलात, आणखी कुठे कुठे गेलात. तुम्ही सगळ्यांना सांगायचात, "हिला पहिल्यापासून समुद्राची आवड." आई चहा ठेवायला उठायची.

हे पत्र आता कुठल्याच पत्त्यावर टाकायचं नाही, म्हणून सांगते. त्या सकाळी तुम्ही जीपकडे धावलात तेव्हा आई मला हळूच म्हणाली होती, "ह्यांना सांगू नको हां. एवढी वर्षं मला ह्या समुद्राचं तोंड बघवत नव्हतं." मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. तुम्ही इतके खुशीत होता.