मडमबाई, तुमचे भुंडे हात

मडमबाई,

तुम्हाला जाऊन लय वर्षं झाली. मेलेल्या माणसाला कोणी लिहिते का, असं माझी सून म्हणेल, म्हणून ती धान सडायला गेली तेव्हाच मी बसली आहे. मला लांबण लावता येत नाही. अक्षर तुम्हीच दिलं, तेही चार-सहा महिन्यांचं. काना-मात्रा चुकली तर बोल तुमच्या शिकवण्याला.

तुम्ही आल्या तेव्हा धानाची कापणी चालू होती. गोंदियाच्या टेसनावरून बैलगाडीत तणसावर बसून आल्या, अंगभर कुसं, नाक लाल, अन् उतरल्या उतरल्या साऱ्या गावाला हात जोडून हसल्या. समुद्रापलीकडून आलेली बाई आम्ही कधी पाहिली नव्हती, पण खरं सांगू का, मला तुम्ही वरातीतून हरवलेल्या पोरीसारख्या दिसल्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या असाल. माझं लग्न झालं होतं, सासरी जायची होती, कोपरापर्यंत बांगड्या होत्या अन् जीभ आताएवढीच तिखट होती. तुमच्यासंग गोंदियाची थोरली मडम होती. तिनं तुम्हाला दोन खोल्यांचं घर दाखवलं, मागच्या झोपडीतला मिशनचा म्हातारा उपदेशक दुभाषा म्हणून दिला, पाणी-भांड्याला माझी माय ठेवली, अन् सर्वांसमोर सांगून गेली की महिनाभरात गावातल्या बाया हिच्याजवळ बसायला लागल्या नाहीत तर मी गाडी घेऊन येईन अन् हिला परत नेईन.

ते ऐकून तुमच्याआधी मीच दिवस मोजायला लागली. बाप मेल्यावर आम्ही मायलेकी काकाच्या ओसरीत पडून होतो. काकू भात वाढताना चाटू आपटायची. तुमच्याकडे काम लागलं तेव्हा तीच काकू म्हणाली, बाटशील. माय म्हणाली, "तुह्या ओसरीत बसून रोज बाटूनच राहिली मी." तुमच्या घरामागची पडवी आम्हाला राहायला भेटली. तेव्हा तुम्ही टिकाव्या असं मला वाटायचं ते तुमच्या देवासाठी नव्हतं. तुम्ही गेल्या की आम्ही परत ओसरीत, इतकं सरळ होतं.

अन् तुम्ही काय करता? पहाटे दारात उभ्या. बाया विळे घेऊन कापणीला निघाल्या की त्यांना हात जोडता, "नमस्कार बाई, नमस्कार बाई." बोटीवर तेवढंच शिकून आल्या होत्या. बाया थांबतात, तुमच्या हाताकडे पाहतात, थुंकतात अन् दुसऱ्या वाटेनं जातात. तुम्हाला वाटलं आपल्याला उशीर होऊन राहिला, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी लवकर उभ्या. मी मनात म्हणते, देवा, हिला कोणीतरी आत ओढा. विहिरीवर एक बाई बोट दाखवत होती, म्हणे काल मडमचं तोंड पाहून गेली अन् विळा बोटात गेला. दुसरी म्हणाली, "सकाळी सकाळी रांडमुंडीचं तोंड, मंग का होते?" माझी माय तिथंच घागर भरून राहिली होती. तिच्या हातातही बांगडी नव्हती. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही, अन् तिनंही कोणाकडे पाहिलं नाही.

मायनं तुम्हाला कधीच सांगितलं नसतं. उपदेशक लाजत होता. शेवटी मीच सांगितलं. तुमच्यासमोर माझे हात धरले, बांगड्या वाजवल्या, मग तुमची मनगटं धरली अन् उपदेशकाला म्हणाली, हिला सांगा, गाव हिला विधवा समजते. तुम्ही आधी हसल्या. मग त्यानं बाकीचंही सांगितलं, विळ्याचं, थुंकण्याचं, अन् तुमची मान लाल होत गेली. तुमचं तर लग्नच व्हायचं होतं. उपदेशक म्हणाला, बांगडी घालणं पाप नाही, पण नटणं आहे, थोरल्या मडमला विचारावं लागेल. मी म्हणाली, तिला विचारेपर्यंत गाडी दारात येईल. कासार गावात आला आहे, उद्या बोलावते.

कापणीनंतर घरोघरी धान असते, म्हणून कासार तेव्हाच फिरतो. तो तुमच्या ओसरीत बसला अन् कुंपणाबाहेर बायांची जत्रा जमली. रोज तोंड फिरवणाऱ्या, त्या दिवशी एकमेकींच्या खांद्यावरून पाहून राहिल्या होत्या. एकजण म्हणाली, "हिरव्या दे बाप्पा तिले, गोऱ्या हातावर खुलतीन." तेव्हाच मला कळलं, काम झालं. कासारानं तुमचा हात दाबला, अंगठा मुडपला, म्हणाला, लाकूड आहे का हे, ढिला सोडा बाई. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तुम्ही हसत होत्या. एक बांगडी गेली. बाया खूश. दुसरी चढवायला त्यानं घेतली तर तुम्ही थांबवलं अन् माझ्या मायकडे बोट केलं, आधी हिला.

कासारानं हात मागं घेतला. कुंपणावरच्या बाया मागं सरकल्या. माय दाराच्या चौकटीला चिकटली. उपदेशकानं तुमच्या कानाशी लागून समजावलं. तुम्ही सारं ऐकून घेतलं. मग ती घातलेली बांगडी तुम्ही ओढू लागल्या. घालताना झालं त्याहून जास्त दुखलं असेल, कातडी निघाली. न फोडता काढली, कासारासमोर ठेवली अन् मायकडे हात करून म्हणाल्या, "ही नाही. मी नाही."

कासार पेटारा आवळत म्हणाला, उतरवलेली बांगडी मी परत घेत नसतो. बाया पळाल्या, जशी घरात आग लागली. मी तुम्हाला काय काय बोलली ते तुम्हाला कळलं नाही हे बरं झालं. दोन काचांसाठी आमचं छप्पर घालवलं, असं मी ओरडत होती. अन् मायही तुमच्यावर खूश नव्हती, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. ती चुलीपुढं बसून मला म्हणाली, "तिले म्हण, तुहं तू पाहून घे. मले कायले मधात घेतलं? साऱ्या गावानं माहे हात पाहिले." त्यानंतर ती तुमची भांडी घासायची पण तुमच्याशी बोलायची नाही. तुम्ही तिच्या मागं मागं फिरायच्या, लहान पोरासारख्या. मोठ्या मनाचं काम करताना मधल्या माणसाला विचारायचं असते. ते तुम्हाला तेव्हा समजत नव्हतं, पुढं समजलं.

मग एक दिवस दुपारी मागच्या दारानं खळ्याशेजारच्या घरची सून आली. पोळ्याच्या सुमारास नवरा गेलेली, माझ्याच वयाची. म्हणे आमची बकरी इकडं आली का. त्यांच्या घरी बकरी नव्हतीच. मी म्हणाली, बकरी राहू दे, काऊन आली ते सांग. तिनं हळूच विचारलं, "तुमच्या मडमनं घातलेली बांगडी काढली म्हणते, खरं का?" तुम्ही बाहेर आल्या. तिनं तुमचं मनगट हातात घेतलं, त्यावरची खपली पाहिली अन् तिथंच भिंतीला टेकून बसली. उठेच ना. दुसऱ्या दिवशी ती आपल्या आतेसासूला घेऊन आली, मग आणखी दोघी. त्यांना कुठंच कोणी विचारत नसे, लग्नात नाही, हळदीत नाही, हे मला तोवर कधी दिसलंच नव्हतं. तुम्ही पाटीवर अ काढला. आतेसासू म्हणाली, हा तर कोंबडीचा पाय आहे, अन् साऱ्या हसल्या. माय आतून आली, गोणपाट अंथरलं अन् त्यांच्यात बसली. मी मागं उभी राहून त्यांच्याआधी शिकली, कारण त्यांना लय वेळ लागत होता अन् मला दम नव्हता.

थोरली मडम गाडी घेऊन आली तेव्हा ओसरी भरली होती. तिनं एकेकीचे हात पाहिले अन् उपदेशकाला विचारलं, फक्त अशाच? तुम्ही तुमच्या भाषेत काहीतरी बोलल्या. उपदेशक आम्हाला म्हणाला, त्या म्हणतात, आल्या त्या आल्या. ती चहा पिऊन गेली. गाडी रिकामी गेली.

माय शेवटपर्यंत तुमच्या धर्मात आली नाही, मीही नाही. तापानं तुम्ही गेल्या तेव्हा मी सासरी होती, मातीलाही आली नाही. ही चिट्ठी कुठं टाकायची ते मला माहीत नाही, अन् कोणाला विचारणारही नाही, पेटीत लुगड्याखाली राहील. पण एक सांगायचं राहिलं. गाडी गेल्यावर तुम्ही मला विचारलं होतं, तू खूश? मी म्हणाली, आमची पडवी वाचली, बस, तुम्ही राहा का जा, मले का त्याचं. तुमचं तोंड उतरलं ते मी पाहिलं होतं.

ते खोटं होतं, बाई.