फिकट पेशी

८ फेब्रुवारी १९७८

ती. बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार, ताईच्या ठकीला एक गालगुच्चा. मी मजेत आहे, वेळेवर जेवते, अंगावर थोडं मांसही चढलंय. तेव्हा पुढच्या पत्रात हे प्रश्न विचारू नका.

रक्ताच्या फोटोंवर पेशींच्या कडा आखून पाठवलेला तुमचा गठ्ठा मिळाला. एकही कागद दुमडलेला नाही. टपालखात्यालाही तुमचा धाक दिसतो. रेषा नेहमीसारखी, एका दमात ओढलेली. जन्मभर नकाशे काढलेला हात लपत नाही. पेशीची कड बाबांनी आखली म्हणजे वाद संपला, असं आमच्या प्रयोगशाळेत अजून सगळे म्हणतात.

आता माझी फुशारकी ऐका. पेशी ओळखणारा माझा कॉम्प्युटरचा प्रोग्राम चालला! मागे तुम्ही लिहिलं होतं, 'यंत्राला डोळे नाहीत, ते काय बघणार?' नाहीतच. त्याला फक्त आकडे मिळतात. रक्ताच्या फोटोचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन किती काळा, तो आकडा लिहायचा. मग प्रोग्राम एका चौकोनापासून निघून शेजारच्या चौकोनाला विचारत जातो, तू माझ्यासारखाच का? असलास तर ये घरात. नसलास तर इथे आमची हद्द संपली. अशी एकेक पेशी वेगळी होते. एकमेकींना चिकटलेल्या पेशींनी मला वर्षभर रडवलं, आता त्याही सुटतात. आमचे सर सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत, पण प्रिंटरमधून आलेला कागद त्यांनी स्वतः भिंतीवर लावला.

मात्र तुमच्या नव्या गठ्ठ्याशी ताडून पाहिलं तर मेळ बसेना. प्रोग्रामला बऱ्याच जास्त पेशी सापडत होत्या. सर म्हणाले, "तुझं यंत्र नको तिथे पेशी बघतंय. बाबांनी आखली नाही म्हणजे ती तिथे नाहीच. थोडं कडक कर त्याला." या कामावरचा शोधनिबंध पाठवायची तारीख डोक्यावर आलेली. पण माझा हट्टी स्वभाव तुम्हाला माहीत आहे, आणि तो कुणावर गेलाय तेही. मी मूळ काचपट्ट्या काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसले. पेशी होत्या, बाबा. फिकट होत्या, पण होत्या.

बरं, आईने लिहिलंय की तुम्ही टेबलावरचा दिवा परत बदललात आणि नवाही मंदच निघाला म्हणून दुकानदाराशी भांडलात. स्कूटर फाटकाला घासली, तर म्हणे फाटक मध्ये आलं. बाबा, ते फाटक मी जन्मायच्या आधीपासून तिथेच आहे.

किती आडवळणं घेतेय मी! सरळ सांगते. या गठ्ठ्यात मी गेल्या वर्षीचीच काही चित्रं परत घातली होती. तुम्हाला पकडायला नव्हे. माणूस स्वतःशी किती जुळतो हे बघायची आमच्याकडे पद्धतच आहे. याच फिकट पेशी गेल्या वर्षी तुम्ही एकूण एक आखल्या होत्या. या वेळी एकही नाही. गडद पेशींच्या रेषा मात्र तशाच, केसभरही फरक नाही. हात शाबूत आहे. डोळ्यांना फिकट दिसेनासं झालंय. दोन्ही कागद सरांपुढे एकावर एक ठेवले, तेव्हा ते यंत्राचं सगळं विसरले आणि म्हणाले, "घरी कधी जातेस?"

शनिवारी येतेय. सोमवारी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी सोबत असेन. मोतीबिंदू असेल तर काढता येतो. दुसरं काही असेल तर लवकर कळलेलं बरं. तोवर ठकीला शाळेत पायी सोडा. तिला मागे बसवून स्कूटर काढायची नाही. धुक्यातली राखाडी गाडी तुम्हाला दिसणार नाही. यात मी तुमचं काहीएक ऐकणार नाही.

तुम्ही म्हणाल, 'मला सगळं स्वच्छ दिसतं, पोरीचा प्रोग्रामच चुकलाय.' तो चुकलेला नाही, माझी खात्री आहे. तरी निकाल तुम्हीच लावा. सहीखाली मी हलक्या पेन्सिलीने काही ओळी लिहिल्या आहेत. खिडकीशी बसून एकट्याने वाचा. वाचता आल्या तर मी हरले, निबंध मागे घेते. नाही आल्या तर एक शब्द न बोलता कागद आईकडे द्या.

तुमच्या हाताची बरोबरी अजून न जमलेली,
धाकटी

आई, हे तू वाचते आहेस, म्हणजे बाबांनी कागद आपणहून तुझ्या हातात दिला. त्यांना ते किती जड गेलं असेल! स्कूटरची किल्ली मागू नकोस, ते स्वतःच देतील. तू नुसती जवळ बस. आणि एवढं मोठ्याने वाच: बाबा, रेषांचं नंतर बघू. मला आधी तुम्ही हवे आहात.