सरासरी सव्वीस

४ एप्रिल, शनिवार. सकाळी ६.१०
निर्णय झाला. सतरा मेची राइड, नव्वद किलोमीटर, कन्येच्या ग्रुपबरोबर. काल जेवताना तिने सहज विचारलं, येतोस का. घास गिळायच्या आत हो म्हणालो. बायको जेवायची थांबली आणि माझ्या पोटाकडे बघत राहिली.
एकवीस मेला कन्या कॉलेजसाठी परगावी जाणार. पाच वर्षं. त्याआधी एक अख्खा दिवस तिच्या बरोबरीने सायकल चालवायची, एवढंच हवंय. गेल्या वर्षभरात आमचं बोलणं ‘माझा चार्जर कुठाय’च्या पुढे गेलेलं नाही.

५ एप्रिल, रविवार
ती पहाटे साडेपाचला प्रॅक्टिसला निघाली. चल म्हणाली. नाही गेलो. अर्धवट छापलेला फॉर्म गिऱ्हाइकाला दाखवायचा नसतो, हे वीस वर्षं प्रेसमध्ये काढलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. एकदम तयार होऊनच समोर जायचं.
दुपारी हातमोजे, गॉगल आणि गादीवाली चड्डी आणली. चड्डी घालून हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्या. बायको म्हणाली, आधी दार लावून घ्या.

७ एप्रिल, मंगळवार
आजपासून प्रेसला सायकलने. सहा किलोमीटर, चौदा मिनिटं. ॲप म्हणतं, सरासरी सव्वीस! कन्येच्या ग्रुपची सरासरी अठरा आहे. आता वेगळीच काळजी. सगळ्यांना मागे टाकून जाणं बरं दिसणार नाही.
(आमची कॉलनी टेकडावर आणि प्रेस खाली नदीकाठी, त्यामुळे रस्ता थोडा उताराचा आहे. पण उतारावर ब्रेक दाबावे लागतात. त्याने मनगटं तयार होतात.)
संध्याकाळी प्रेसचा टेम्पो आमच्याच बाजूला डिलिव्हरीला निघाला होता. सायकल मागे टाकली, मी पुढे बसलो. विश्रांती हाही ट्रेनिंगचाच भाग.

१२ एप्रिल, रविवार
कन्येने पुन्हा विचारलं. आम्ही हळूच जातो, म्हणाली. म्हणूनच नाही गेलो. हळू जायची सवय लागली की संपलं.

१६ एप्रिल, गुरुवार
टेम्पोवाल्याने विचारलं, चढ कधी चालवणार? म्हटलं, योग्य वेळी. तो म्हणाला, “खाली काय साहेब, रिकामा ड्रमसुद्धा येतो.” त्याला ॲपमधलं काही कळत नाही.

१९ एप्रिल, रविवार
ढगाळ होतं. नाही गेलो. कन्या कोरडी परत आली.

२३ एप्रिल, गुरुवार. दुपारी ३.२०
नुसती चुळबुळ. एका जागी बसवत नाही. नव्वद भागिले सव्वीस म्हणजे जेमतेम साडेतीन तास. उरलेल्या दिवसाचं काय करायचं? तिच्याशी बोलायच्या विषयांची यादी केली: हॉस्टेल, तब्येत, अभ्यास, वेळेवर झोप. वाचून पाहिली तर सूचनाफलक वाटला. फाडली. या नादात लेटरहेडचा एक गठ्ठा उलट्या बाजूने कापला गेला. मालक बोलले. कटिंग मशीनवर ढकललं.

२६ एप्रिल, रविवार
डावा गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. संध्याकाळी चुकून उजव्या पायाने लंगडलो. कन्येने पाहिलं. 

३ मे, रविवार
तिने विचारलंच नाही. बरंच झालं, दर आठवड्याला नवं कारण आणायचं कुठून? तरी साडेपाचला खिडकीत उभा होतो. तिच्या सायकलचा मागचा दिवा वळणापर्यंत दिसतो. उगाचच वाईट वाटलं. पुन्हा झोप लागली नाही.

८ मे, शुक्रवार
टेम्पो बंद पडला, म्हणून चढ करून टाकायचं ठरवलं. दुसऱ्या विजेच्या खांबापर्यंत चालवली. तिथून हाताने ढकलत नेली. घरी पोहोचायला सव्वा तास. वारा समोरून होता. ॲप आधीच बंद केलं होतं, नाहीतर इतक्या दिवसांची सरासरी मातीत गेली असती. ढकलण्याने खांदे मात्र मजबूत होतात.

१० मे, रविवार
आज तिने विचारलं! शेवटची प्रॅक्टिस आहे, म्हणाली. हो म्हणणार होतो. पण आता सात दिवसांसाठी सरप्राइज कशाला फोडायचं?

१६ मे, शनिवार
घोडामैदान जवळ आलं. दोन्ही चाकांत दोनदा हवा भरली. पाण्यात पडलं की पोहता येतंच.

१७ मे, रविवार. संध्याकाळी ७
अकराव्या किलोमीटरला चढ लागला. कन्या शेजारी होती. बोलायला म्हणून तोंड उघडलं तर नुसती शिट्टी वाजली. तेराव्याला उतरलो. पोटऱ्यांत गोळे. पुढच्या वळणावर अख्खा ग्रुप केळी सोलत माझ्यासाठी खोळंबलेला. कन्येला म्हटलं, तू हो पुढे. ती दोनदा मागे वळून थांबली. मग गेली.
उरलेले सत्त्याहत्तर किलोमीटर सामानाच्या गाडीत, पाण्याच्या बाटल्यांबरोबर. ड्रायव्हर गप्प होता, तेवढे उपकार.
घरी आलो तेव्हा ती जिन्यात बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. शेजारी बसलो. म्हटलं, चढाचा अंदाज जरा चुकला.
ती म्हणाली, “सहाही रविवार मी ग्रुपला सांगून ठेवलं होतं. आज बाबा येईल, आम्ही दोघं मागून हळूहळू येऊ.”
 लाज वाटली.  म्हटलं, पुढच्या रविवारी येतो. नक्की. चढ असला तरी.
“पुढच्या रविवारी मी इथे नसेन, बाबा.”
हेल्मेट मी अजून काढलेलंच नव्हतं. हनुवटीखालचा पट्टा तिनेच सोडवला.